एजन्सी नेमण्याआधी उद्दिष्ट कोणी ठरवायचे आणि किती नेमके?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका प्रशिक्षण संस्थेला आपले संकेतस्थळ नव्याने करून घ्यायचे आहे आणि त्याच्या जोडीने ऑनलाइन जाहिरातीही सुरू करायच्या आहेत. त्यासाठी तीन एजन्सींकडून प्रस्ताव मागवले. एकीने संकेतस्थळाची संपूर्ण पुनर्रचना सुचवली, दुसरीने मोबाइल ॲप आणि तिसरीने सहा महिन्यांची समाजमाध्यम मोहीम. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दरपत्रकात जवळजवळ तिपटीचा फरक आहे. यांपैकी कोणाला काम द्यावे, आणि या विषयातले जाणकार तेच असल्यामुळे उद्दिष्टे ठरवण्याचे कामही त्यांच्यावरच सोपवावे का, असे विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. उद्दिष्ट तुम्हीच ठरवायचे आणि ते एजन्सीशी पहिली बैठक होण्यापूर्वी लेखी स्वरूपात तयार असले पाहिजे. तिथपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचायचे, हे मात्र एजन्सीला ठरवू द्यावे. तिचे कौशल्य तिथेच आहे आणि पैसेही आपण त्याचेच देतो. तुमच्याकडे आलेले तीन प्रस्ताव इतके वेगळे का आहेत, याचे कारणही यातच सापडेल. 'आम्हाला ऑनलाइन अस्तित्व सुधारायचे आहे' एवढेच सांगितल्यावर प्रत्येक एजन्सीने उरलेली जागा आपल्याला जे उत्तम जमते त्याने भरून काढली. यात लबाडी नाही, कोणीही हेच करेल. मात्र त्यामुळे तुमच्या टेबलावर तीन वेगळ्या प्रश्नांची तीन उत्तरे पडलेली आहेत, आणि त्यांची दरपत्रके शेजारी ठेवून तुलना करण्याला काही अर्थ उरलेला नाही.

उद्दिष्ट म्हणजे काय, याबद्दलच बहुतेक ठिकाणी गल्लत होते. 'संकेतस्थळ आधुनिक करणे', 'ब्रँडची प्रतिमा उंचावणे', 'महिन्याला 20 पोस्ट टाकणे' यांपैकी पहिली दोन वाक्ये इच्छा आहेत आणि तिसरे हे कामाचे परिमाण आहे. काम संपल्यानंतर तुमच्या संस्थेत कोणती गोष्ट आजच्यापेक्षा वेगळी घडू लागेल, आणि ती घडते आहे की नाही हे कोण, कशावरून सांगेल, याचे उत्तर ज्या वाक्यात मिळते ते उद्दिष्ट. हे वाक्य एका बैठकीत तयार होत नाही, ते खणून काढावे लागते. 'संकेतस्थळ जुने दिसते' असे कोणी म्हणाले, तर जुने दिसल्यामुळे नेमके काय अडते, असे विचारावे. उत्तर बहुधा असे येते की चौकशी करणारे लोक फोनच करतात, आणि कार्यालयातली माणसे दिवसभर शुल्क किती, तुकडी केव्हा सुरू होते, पात्रता काय आणि प्रमाणपत्र कोणाचे मिळते या चारच प्रश्नांची उत्तरे देत बसतात. मग ही माहिती संकेतस्थळावर आहे का, असे विचारावे. ती असते, पण एका पीडीएफ फाइलच्या नवव्या पानावर, आणि फाइल मागच्या वर्षीची असते. आणखी एक प्रश्न विचारला की कळते, प्रवेश अर्ज भरायला सुरुवात करणाऱ्यांपैकी बरेच जण मध्येच सोडून देतात, कारण तिसऱ्या टप्प्यावर कागदपत्रे स्कॅन करून जोडायला सांगितलेली आहेत आणि बहुतेक लोक तो अर्ज मोबाइलवरून भरत असतात.

इथे आल्यावर वाक्याचा नूरच बदलतो. समजा, आज अर्ज सुरू करणाऱ्या 100 जणांपैकी 38 जण तो पूर्ण करतात. तर उद्दिष्ट असे लिहिता येते : 'पुढील प्रवेशसत्राच्या अखेरीपर्यंत सुरू केलेल्या 100 अर्जांपैकी किमान 55 अर्ज पूर्ण भरले जावेत, आणि त्याच काळात वर सांगितलेल्या चार प्रश्नांसाठी येणारे फोन निम्म्यावर यावेत.' हे वाक्य हातात असताना मोबाइल ॲपचा प्रस्ताव पुन्हा वाचून पाहा. तो कदाचित चुकीचा नसेल, पण आता त्या एजन्सीला सांगावे लागेल की एकदाच अर्ज भरणारा माणूस त्यासाठी ॲप का उतरवून घेईल. असेही होते, आणि हे सांगायला आमच्या व्यवसायातले लोक फारसे उत्सुक नसतात, की उद्दिष्ट नीट लिहून झाल्यावर बाहेरच्या एजन्सीची गरजच उरत नाही. कागदपत्रे नंतर जोडण्याची सवलत देणे आणि चार उत्तरे पहिल्या पानावर आणणे हे काम तुमचा सध्याचा तांत्रिक कर्मचारीही करू शकेल.

वरच्या वाक्यातला 38 हा आकडा मी गृहीत धरला. तुम्हाला तो मोजावा लागेल, आणि एजन्सी येण्यापूर्वीच मोजावा लागेल. मोजमापाची साधने मागच्या काळात जाऊन माहिती गोळा करत नाहीत; ती ज्या दिवशी बसवली त्या दिवसापासूनच नोंद सुरू होते. नवे संकेतस्थळ सुरू झाल्यावर मोजायला घेतले, तर जुन्याशी तुलना कायमची हुकते. शिवाय जुनी नोंद कोणाच्या तरी सेवेवर आहे म्हणजे ती आपलीच आहे, असेही समजू नये. गूगलने संकेतस्थळावरच्या भेटी मोजण्याचे आपले युनिव्हर्सल ॲनालिटिक्स हे साधन 1 जुलै 2023 पासून नव्या नोंदींसाठी बंद केले आणि पुढच्या वर्षी जुन्या आकडेवारीपर्यंत पोहोचण्याची सोयही काढून घेतली. ज्यांनी ती वेळेत उतरवून ठेवली नाही, त्यांना त्या काळाशी आता तुलना करता येत नाही. तेव्हा निदान गेल्या प्रवेशसत्राचे आकडे एका साध्या तक्त्यात स्वतःकडे काढून ठेवा, आणि तुलना करताना सत्राची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच सत्राशी करा. प्रवेशाच्या ऐन महिन्यातली गर्दी एजन्सीच्या खात्यावर जमा होण्याचा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे.

आकडे लहान असतील तर आणखी एक सावधगिरी हवी. समजा, महिन्याला 1,000 लोक संकेतस्थळावर येतात आणि त्यांपैकी 2 टक्के, म्हणजे 20 जण, अर्ज करतात. पुढच्या महिन्यात 26 अर्ज आले, तर अहवालात '30 टक्के वाढ' असे ठळक अक्षरांत छापले जाईल आणि ते गणिताने खरेही असेल. पण काहीही न बदलता केवळ योगायोगाने हा आकडा साधारण 11 ते 29 या पट्ट्यात कुठेही पडू शकतो. 2 टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर झालेली वाढ खरी आहे असे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर म्हणायचे असेल, तर आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही बाजूंना सुमारे 14,000 भेटी लागतात. इतक्या भेटी जमायला तुम्हाला वर्षापेक्षा जास्त काळ लागणार असेल, तर 'तीन महिन्यांत अर्ज 25 टक्क्यांनी वाढावेत' हे उद्दिष्ट लिहायला सोपे असले तरी ते साधले की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. अशा वेळी अर्जापर्यंतच्या प्रवासातला आधीचा, जास्त संख्येने घडणारा टप्पा निवडावा : किती जणांनी अभ्यासक्रमाचे पान उघडले, त्यांपैकी किती जणांनी अर्जाचे बटण दाबले, असा.

आता जबाबदारीच्या वाटणीकडे येतो; करार झाल्यानंतरची बहुतेक भांडणे इथूनच निघतात. पूर्ण भरलेले अर्ज वाढणे ही गोष्ट एकट्या एजन्सीच्या हातात नसते. शुल्क तुम्ही ठरवता, तुकड्यांच्या वेळा तुम्ही ठरवता, आणि चौकशीचा फोन तुमचाच माणूस उचलतो किंवा उचलत नाही. म्हणून माझी पद्धत दोन स्तरांची आहे. वरच्या स्तरावर संस्थेचे उद्दिष्ट असते. ते एजन्सीला स्वच्छ सांगायचे, त्यावर वेळोवेळी एकत्र चर्चा करायची, पण त्याची मालकी स्वतःकडे ठेवायची. खालच्या स्तरावर एजन्सीच्या पूर्ण ताब्यातल्या गोष्टींचे स्वीकृतीचे निकष असतात आणि पैशांचे हप्ते त्यांना जोडलेले असतात. उदाहरणार्थ, 'संकेतस्थळ वेगवान असावे' असे करारात लिहिण्याने कोणीच बांधला जात नाही. त्याऐवजी गूगलने पानाच्या दर्जासाठी जाहीर केलेल्या मर्यादा घेता येतात : पानातला मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा, वापरणाऱ्याच्या कृतीला 200 मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, आणि पान उघडे असताना मजकूर आपोआप इकडेतिकडे सरकण्याचे मान 0.1 पेक्षा जास्त नसावे. हे सारे प्रत्यक्ष भेटींपैकी किमान 75 टक्के भेटींमध्ये साधले गेले पाहिजे. दृष्टिदोष असलेल्या किंवा माउस वापरू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी डब्ल्यूसीएजी या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांचा 'एए' हा मधला स्तर मागता येतो. असे निकष लिहिले की काम झाले की नाही यावर वाद होत नाही, तपासणी होते.

आणि ती तपासणी कोण करणार, हेही तिथेच लिहावे. निकष कागदावर असणे पुरत नाही, याचे फार महागडे उदाहरण 1999 सालचे आहे. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान त्या वर्षी 23 सप्टेंबरला मंगळाजवळ पोहोचताच गमावले गेले, कारण कंत्राटदार कंपनीच्या जमिनीवरच्या एका संगणक प्रणालीने बलाच्या आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत दिले आणि पुढच्या प्रणालीने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. एका पौंड-बलात सुमारे 4.45 न्यूटन असतात, तेवढ्या पटीने हिशेब चुकला. कोणते एकक वापरायचे हे दोन्ही बाजूंमधल्या लेखी तपशिलात नमूद होते. पण हाती आलेली फाइल त्या तपशिलाशी ताडून पाहण्याची पायरी नीट पार पडली नाही. तुमच्या कामात एवढे मोठे काही पणाला लागलेले नाही, तरीही प्रत्येक निकषासमोर तपासणाऱ्याचे नाव आणि तपासण्याची रीत लिहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

मोबदला थेट आकड्याला बांधण्याचा मोह अनेकांना होतो : जितक्या चौकश्या आणाल तितके पैसे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात दाखवून दिले होते की एखाद्या मापाचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला की ते माप पूर्वीसारखे भरवशाचे राहत नाही. जाहिरातींच्या धंद्यात याचा पडताळा आठवडाभरात येतो. चौकशीमागे पैसे ठरवले की चौकश्या नक्की येतात, फक्त त्यांत भेटवस्तूच्या आशेने नंबर देणारे आणि दुसऱ्याच अभ्यासक्रमाच्या शोधात असलेले भरपूर असतात. यावर उपाय म्हणून मुख्य आकड्याच्या शेजारी त्याला आवर घालणारा दुसरा आकडा ठेवावा. चौकश्या वाढल्या पाहिजेत, मात्र चौकशीतून प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण आजच्यापेक्षा खाली जाता कामा नये, असे. हा दुसरा आकडा तुमच्या प्रवेश विभागाच्या नोंदवहीतून येतो, एजन्सीच्या अहवालातून नाही. त्यामुळे ती नोंदवही आधी नीट असायला हवी.

संस्थेच्या आतला भाग मात्र सर्वांत अवघड असतो. बैठक बोलावून 'आपले उद्दिष्ट काय' असे विचारले, तर सर्वांत वरिष्ठ व्यक्ती जे म्हणेल त्याला बाकीचे मान डोलावतात. म्हणून बैठकीपूर्वी निर्णयाशी संबंधित प्रत्येकाकडून, इतरांशी न बोलता, अर्ध्या पानावर दोनच गोष्टी लिहून घ्याव्यात : वर्षभराने काय बदललेले दिसले तर हा खर्च सार्थकी लागला असे म्हणाल, आणि काय झाले तर तो वाया गेला असे म्हणाल. संचालकांच्या कागदावर प्रतिष्ठा असते, प्रवेश विभागाच्या कागदावर अर्ज, कार्यालयाच्या कागदावर फोनचा त्रास, आणि तांत्रिक कर्मचारी लिहितो की वेळापत्रक बदलायला दर वेळी बाहेरच्या माणसाची मनधरणी करावी लागू नये. ही चार उद्दिष्टे एजन्सीच्या गळ्यात एकत्र बांधली तर ती चौघांनाही थोडे थोडे खूश ठेवेल आणि शेवटी चौघेही नाराज होतील. एक मुख्य उद्दिष्ट निवडावे आणि उरलेल्यांना अटींचे स्थान द्यावे. वरच्या उदाहरणात पूर्ण भरलेले अर्ज हे उद्दिष्ट, वेळापत्रक स्वतः बदलता येणे ही अट, आणि प्रतिष्ठा ही संचालकांशी स्वतंत्रपणे बोलण्याची बाब.

अंतिम होकार देणारी व्यक्ती एकच असावी आणि ती पहिल्या दिवसापासून कामात असावी. अमेरिकेत आरोग्य विम्याच्या नोंदणीसाठी केलेले हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ 1 ऑक्टोबर 2013 रोजी सुरू होताच कोलमडले. त्याची जी सरकारी चौकशी झाली, तिने तांत्रिक दोषांइतकेच बोट ठेवले ते स्पष्ट नेतृत्वाच्या अभावावर. अनेक कंत्राटदार काम करत होते, पण निर्णय कोणाचा हे धूसर होते. लहान संस्थेत हाच प्रकार सौम्य रूपात दिसतो. तीन महिने कनिष्ठ अधिकारी आराखड्यांना मंजुरी देत राहतो, आणि काम संपत आल्यावर अध्यक्ष पहिल्यांदा नवे संकेतस्थळ पाहून म्हणतात की आपल्याला हे अपेक्षितच नव्हते. वरातीमागून आलेल्या या घोड्याचा खर्च शेवटी तुमच्याच दरपत्रकात चढतो. व्यवस्थापन सल्लागार जॉर्ज डोरन यांनी 1981 मध्ये उद्दिष्टे लिहिण्यासाठी 'स्मार्ट' हे इंग्रजी आद्याक्षरांचे सूत्र मांडले, तेव्हा उद्दिष्ट नेमके, मोजण्याजोगे, वास्तव आणि कालबद्ध असण्याबरोबरच ते कोणाकडे सोपवले आहे हेही त्यात होते. पुढे या सूत्राच्या अनेक आवृत्त्यांतून तेवढा भाग गळून पडला, हे मला नेहमीच खटकत आले आहे.

काय करायचे नाही, तेही लिहावे. त्यासाठी इंग्रजी आद्याक्षरांवरून 'मॉस्को' म्हटली जाणारी वर्गवारी उपयोगी आहे : अत्यावश्यक, महत्त्वाचे, जमल्यास, आणि या वेळी नाही. चौथा गट रिकामा राहिला तर वर्गवारी अजून झालेलीच नाही असे समजा. ही पद्धत वापरणाऱ्या डीएसडीएम या प्रकल्प राबवण्याच्या कार्यप्रणालीत तर अत्यावश्यक गटावर एकूण श्रमांच्या 60 टक्क्यांहून जास्त भार नसावा असा दंडक आहे, म्हणजे वेळ कमी पडला तरी कापायला काहीतरी शिल्लक राहते. त्याच कागदावर तुमच्याकडून काय मिळणार तेही टाका. मजकूर कोण लिहिणार, छायाचित्रे कोण देणार, एखादा आराखडा आल्यावर किती दिवसांत अभिप्राय जाणार. कामे रखडण्याचे मी पाहिलेले सर्वांत सामान्य कारण तांत्रिक नसते. अभ्यासक्रमांचा मजकूर संस्थेकडून वेळेवर येत नाही, हे असते. डोमेन म्हणजे संकेतस्थळाचे नाव, जाहिरातींची खाती, मोजमापाची खाती आणि मूळ फाइली पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावावर असाव्यात, आणि जुन्या पानांचे पत्ते नव्या पत्त्यांकडे कायमस्वरूपी वळवले जावेत, या दोन अटी कामाचा आकार कितीही असला तरी लागू ठेवा.

खर्चाची मर्यादा सांगावी की नाही, याबद्दल लोक बराच काथ्याकूट करतात. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात काही हशील नाही. किमान आणि कमाल अशी मर्यादा दिली की एजन्सीला तेवढ्यात काय बसते ते प्रामाणिकपणे सांगता येते, आणि सर्वांचे प्रस्ताव एकाच मापात आल्यामुळे तुलना रकमेऐवजी कामाच्या दर्जावर होते.

याच्या उलट टोकालाही जाऊ नये. उद्दिष्ट स्पष्ट असावे म्हणजे उपायही आपणच लिहून द्यावा असे नाही. 'पहिल्या पानावर पाच चित्रांचा फिरता पट्टा हवा, मेनू डावीकडे हवा, आणि रंग सोबतच्या नमुन्याप्रमाणे' असे चाळीस पानांचे पत्रक हातात दिले, की चांगली एजन्सी बाजूला होते आणि सांगितले तेवढेच करणारी पुढे येते. दोन पानांत मावेल इतकेच लिहा. काही वेळा मात्र दोन पाने लिहिण्याइतकीही माहिती संस्थेकडे नसते. लोक अर्ज का सोडतात हेच ठाऊक नसते. तेव्हा तीन-चार आठवड्यांचे स्वतंत्र अभ्यासाचे काम वेगळे पैसे देऊन करून घ्यावे. त्याचा अहवाल संस्थेच्या मालकीचा असेल आणि पुढचे मोठे काम त्याच एजन्सीला मिळेल असे गृहीत धरू नये, हे आधीच लेखी ठरवावे. फुकट मिळणारा अभ्यास बहुधा त्या एजन्सीकडे तयार असलेल्या उपायापाशीच येऊन थांबतो. अभ्यासानंतर उद्दिष्ट बदलले तर बदलू द्या, पण तारीख आणि कारण यांची नोंद करून, दोन्ही बाजूंच्या संमतीने. आणि त्यामुळे मुदतीत व रकमेत काय फरक पडतो, तेही त्याच नोंदीत लिहा.

तुमच्या बाबतीत आता असे करा. तिन्ही प्रस्ताव बाजूला ठेवा आणि तिघांनाही कळवा की संस्था आपली गरज नव्याने लिहीत असून तीन आठवड्यांत ती पाठवली जाईल. पहिल्या आठवड्यात गेल्या सत्राचे आकडे काढा आणि अर्धी पाने गोळा करा, दुसऱ्या आठवड्यात मुख्य उद्दिष्ट निवडून अंतिम होकार देणाऱ्याची त्यावर सही घ्या, आणि तिसऱ्यात दोन पानांचा मसुदा पूर्ण करा. तो पाठवताना प्रत्येक एजन्सीला किमतीखेरीज आणखी दोन गोष्टी लिहायला सांगा : या उद्दिष्टातले तुम्हाला काय पटत नाही, आणि ते साधायला आमच्याकडून काय लागेल. गुळगुळीत होकारांनी भरलेले उत्तर आले तर त्या प्रस्तावाकडे जरा संशयाने पाहा. 38 हा आकडा तुम्ही कसा मोजला, एकाच व्यक्तीने दोनदा सुरू केलेला अर्ज एक धरला की दोन, असे विचारणारी एजन्सी भेटली, तर तिचे दरपत्रक मधले असो वा सर्वांत वरचे, सविस्तर बैठक आधी तिच्याशी घ्या.